पाहता न आलेला भाग

४१, टँपटन रोड, बेडमिन्स्टर, ब्रिस्टल
३ ऑगस्ट

हेदर,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. मेलचं काय करतेस कुणास ठाऊक. पत्र तेवढं ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा बघतोच. म्हणून पत्र, थेट ऑर्कनीच्या बेटावर.

कामाचं सांगते. माळ्यावर खोली काढतेय. लगेच श्वास रोखू नकोस, माझ्या नावावर काही करत नाहीये. घर डॅडचंच आहे. सहीचे अधिकार तेवढे माझ्याकडे आहेत, आणि त्यावरून ममच्या अंत्यविधीच्या दिवशी तू सँडविचची बशी आपटली होतीस. तिचा टवका अजून फ्रीजखाली आहे.

बेत सरळ आहे. मी माळ्यावर जाणार, खालची पुढची खोली डॅडची, जिन्याखाली त्यांचं बाथरूम. डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केलाय. हे काम झालं तर डॅड याच घरात राहतील. नाही झालं तर काय होईल, ते तू त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलंसच: "वर्षभरात ही त्यांना वृद्धाश्रमात टाकते की नाही बघा." मी म्हटलं होतं, मी जिवंत असेपर्यंत नाही. दोन वर्षं झाली. मी जिवंत आहे.

अडचण एकच. मिस्टर येओ. माळ्याच्या लोखंडी तुळया टेकवायला आपल्या नि त्याच्या मधल्या सामाईक भिंतीत खाचा पाडाव्या लागतात. नऊ इंचाची भिंत. मला वाटायचं साडेचार इंच आपली, साडेचार त्याची. तसं नसतं म्हणे. सगळीच दोघांची. म्हणून कायद्यानं त्याला नोटीस द्यावी लागते. आज दिली, त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. सोबत बिस्किटांचा डबा ठेवणार होते, पण बिल्डर म्हणाला, "लाच दिल्यासारखं दिसेल, मॅडम."

चौदा दिवसांत त्यानं उत्तर द्यायचं. तू किती दिवसांत देतेस ते बघू.

लॉर्ना

ता.क. डॅड बरे आहेत. झोपलेत, नाहीतर दोन ओळी लिहिल्या असत्या.


१९ ऑगस्ट

हेदर,

उत्तर नाही. त्याचंही नाही, तुझंही नाही.

कायद्यात एक गंमत आहे. शेजारी चौदा दिवस गप्प बसला तर तो गप्प आहे असं धरत नाहीत. भांडण आहे असं धरतात. त्यानं तोंडही उघडायला नको. मी हे वाचलं नि मला हसू आलं. आपल्या घरात हा कायदा आधीपासूनच होता, फक्त छापलेला नव्हता.

म्हातारा परवा कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना सापडला. मी म्हटलं, "मिस्टर येओ, माझा कागद मिळाला ना?"

"मिळाला."

"मग?"

"वाचतोय." दोन पानं आहेत, हेदर. चाळीस वर्षं बसचं इंजिन उघडून बसवणारा माणूस दोन पानं सोळा दिवस वाचतोय. मग वर बघत, डॅडच्या खिडकीकडे, "डेस कसा आहे?"

"बरे आहेत. झोपलेत."

"फार झोपतो हल्ली."

"वय झालं त्यांचं."

"माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा आहे तो," असं म्हणून त्यानं माझा डबा सरळ केला. माझा डबा! वाकडा नव्हता तो.

मला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय. जुना राग असेल तर कशाचा? सत्त्याऐंशी साली डॅडच्या घेवड्याचा वेल त्याच्या कुंपणावर गेला होता आणि त्यानं कात्रीनं बरोबर हद्दीवर कापून शेंगा परत केल्या होत्या, पिशवीत घालून. त्यात राग होता की व्यवस्थितपणा, मला आजवर कळलं नाही. की त्याला हे घर हवंय? की कुणी त्याला सांगितलंय सही करू नकोस म्हणून? तुला तो अजून ख्रिसमसला कार्ड पाठवतो ना? मला शेजारी असून पाठवत नाही.

~~तू त्याला~~

वर खोडलंय ते वाचायचा प्रयत्न करू नकोस. पत्र दिव्यासमोर धरशील, ओळखून आहे मी तुला.

लॉर्ना

ता.क. डॅडचा फोन बिघडलाय. रविवारी लागत नाही म्हणून काळजी करू नकोस. करतेस की नाही तेही मला माहीत नाही म्हणा.


२८ ऑगस्ट

हेदर,

आलं उत्तर. फॉर्मवर दोन चौकोन असतात. जसेच्या तसे लिहिते:

[  ] वरील कामास मी संमत आहे.
[✓] वरील कामास मी असंमत असून वाद उद्भवल्याचे मान्य करतो.

शाईच्या पेनानं, आणि बरोबरची खूण पट्टीनं आखलेली. बरोबरची खूण कोण पट्टीनं काढतं?

मी बिल्डरला, ट्रेव्हला, फोन केला. तो म्हणाला, "अहो, त्यात काय. बरीच माणसं असंमतच लिहितात. म्हणजे फक्त सर्व्हेअर नेमा एवढंच. तो भिंतीचा पंचनामा करतो, आधीच्या भेगा किती, नंतरच्या किती. शहाणी माणसं असंमतच लिहितात." मी म्हटलं, ट्रेव्ह, 'अ' म्हणजे 'अ'. तो म्हणाला, "तुमच्या भागात सगळी माणसं अशीच आहेत का?"

पण खाली त्यानं हातानं एक ओळ लिहिलीय. 'दोन्ही घरांची पाहणी व्हावी, प्रत्येक खोलीची.' 'प्रत्येक'खाली रेघ. तीही पट्टीनं.

आता मला सांग, पंचनामा शेजाऱ्याच्या घराचा करतात. भेगा पडल्या तर त्याच्याकडे पडणार. माझ्या घराच्या प्रत्येक खोलीत याला काय बघायचंय? न्हाणीघर? माझं कपाट? कुठेतरी पाणी मुरतंय, हेदर, आणि छपरातून नाही.

तू यात आहेस का? सरळ विचारते. 'प्रत्येक'खाली रेघ मारायची सवय तुझी आहे. ममला यादी लिहून द्यायचीस तेव्हा 'दूध नको'मधल्या 'नको'खाली अशीच रेघ असायची, आणि ती तरी दूध आणायचीच.

लॉर्ना

ता.क. डॅड मजेत.


११ सप्टेंबर

हेदर,

सर्व्हेअर ठरली. दोघांची मिळून एकच, त्यातल्या त्यात बरं. अँथिया पूल नाव. फोनवर आवाज असा की समोरच्या माणसानं आपोआप सरळ बसावं. मी तिला म्हटलं, माझ्याकडे प्रत्येक खोली बघायची गरज आहे का? ती म्हणाली, "गरज नाही. पण मिस्टर येओंचा आग्रह आहे, आणि एक दिवस पायपीट केल्यानं दोन महिन्यांची पत्रापत्री वाचत असेल तर मी पायपीट करते." वीस तारखेला, सकाळी.

तर मी घर आवरतेय. डॅडच्या खोलीत ताजी चादर घातली. सपाता पलंगाखाली नीट ठेवल्या, मग एक जरा तिरकी केली, माणूस काढतो तशी. चष्मा उशाशी. पाण्याचा ग्लास अर्धा भरून.

हे सगळं तुला का सांगतेय कुणास ठाऊक.

म्हाताऱ्यावर आता मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतेय. त्याच्याकडे काहीतरी चाललंय. पहिलं, वरच्या मागच्या खोलीतला दिवा. ती खोली त्याची बायको गेल्यापासून बंद होती. दुसरं, त्याच्या रिकाम्या खोक्यांच्या डब्यात ओटच्या दुधाची चार खोकी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, नाष्ट्याला डुकराचं मांस तळून खाणारा, तो ओटचं दूध पितो? भाडेकरू ठेवला असेल तर सांगायला नको? कायद्यानं भाडेकरूलाही नोटीस द्यावी लागते की काय, ते ट्रेव्हला विचारायला हवं. नाहीतर नंतर म्हणतील नोटीसच चुकीची, पहिल्यापासून सुरू करा. असं करून कामं वर्षभर लटकवतात लोक. माझ्याकडे वर्ष नाहीये. माझ्याकडे १० नोव्हेंबरपर्यंतच वेळ आहे.

१० नोव्हेंबर कशाला, ते नंतर.

लॉर्ना


२१ सप्टेंबर

हेदर,

आता सगळं सांगते. बसून वाच.

काल सकाळी आधी अँथियाबाई त्याच्याकडे गेली. दीड तास. मग माझी घंटी वाजली. दारात ती, गळ्यात कॅमेरा, हातात टॉर्च. आणि तिच्या मागं मिस्टर येओ. टाय लावून. ममच्या अंत्यविधीनंतर त्यानं आपल्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता.

"मिस्टर येओंना सोबत यायचंय," बाई म्हणाली. "तुमची हरकत?"

हरकत घेतली असती तर काय दिसलं असतं? मी म्हटलं, या की. चहा ठेवते.

ती प्रत्येक खोलीत भिंतीवरून टॉर्च तिरका फिरवायची. तिरक्या उजेडात भेग लपत नाही म्हणे. बोलत जायची, मशीनमध्ये रेकॉर्ड होत जायचं: "जिना, सामाईक भिंत. जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर रंगाचे टवके, चार, जवळजवळ, गोलसर." तिथं ती थांबली. "हे कशाचे?"

"सामान नेताना लागलं असेल," मी म्हटलं.

म्हातारा त्या टवक्यांकडे बघत उभा.

मग डॅडची खोली. तो सरळ आत गेला आणि उशीवर हात ठेवला. पालथा, ताप बघतात तसा.

"या उशीवर कुणी झोपलेलं नाही."

"कालच बदललीय."

"डेस कुठंय, लॉर्ना?"

"व्यायामाला नेलंय. हॉस्पिटलात."

"कुणी नेलं? गाडी तर तुझी दारात आहे." मग तो बाईंकडे वळला. "तुम्ही लिहून घ्या. पलंग आहे, माणूस नाही."

"मी माणसं लिहून घेत नाही, मिस्टर येओ," ती म्हणाली. "मी भेगा लिहून घेते."

"मग मी कुणाला सांगू?" म्हातारा ओरडला. त्याचा ओरडा मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "पोलिसांना फोन केला, ते म्हणाले घरची माणसं आहेत ना, मग त्यांना विचारा. नगरपालिकेला केला, त्यांनी सव्वीस मिनिटं संगीत ऐकवलं. या पोरीला विचारलं की झोपलेत. पाच महिने माणूस झोपतो? माळ्याला माझा विरोध नाही गं! राजवाडा बांध वर! मला फक्त कुणीतरी अधिकारी माणूस या घरात आत यायला हवा होता. दुसरा रस्ताच नव्हता. या कागदावर चौकोन होता, मी खूण केली."

हे होतं त्याचं 'असंमत'. मी त्याच्यावर घर बळकावण्याचा संशय घेत होते. आणि त्याला वाटत होतं मी डॅडना मारून माळ्यावर पुरणारेय.

अँथियाबाईनं टॉर्च बंद केला. "मी बाहेरची गटार बघून येते," म्हणाली. गटार यादीत नव्हती.

आता तुला. डॅड घरी नाहीत. १९ एप्रिलपासून नाहीत. नेल्सीच्या वृद्धाश्रमात आहेत.

त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. त्यांना सांगितलं कामावर जातेय, आणि गेले वेस्टनला, समुद्रावर. एकटी. कुणी पुरुष-बिरुष नव्हता, असता तर बरं वाटलं असतं, निदान काही कारण तरी सांगता आलं असतं. बटाट्याचे चिप्स खाल्ले, भिंतीवर बसून ओहोटीचा चिखल बघितला. दोन वर्षांतली पहिली सुट्टी. फोन गाडीत. पावणेदहाला निघाले, चारला परत. डॅड जिन्यात आडवे. खुबा मोडलेला. गळ्यात घालायचं धोक्याचं बटण दाराच्या मुठीला लटकत होतं. सहा तास. बूट काढून भिंतीवर ठोकत होते म्हणाले. ते टवके बुटाच्या टाचेचे.

हॉस्पिटल, मग वृद्धाश्रम, 'तात्पुरतं'. तुला सांगायचं तर तुझं वाक्य खरं झालं असतं. म्हणून नाही सांगितलं. त्यांचा फोन माझ्या खणात आहे. त्यांना सांगितलं, हेदरचा फोन बिघडलाय. तुला सांगितलं, त्यांचा बिघडलाय. हे मी केलं.

१० नोव्हेंबरला तिथे बैठक आहे. खालची खोली तयार असेल आणि घर सुरक्षित वाटलं तर ते घरी. नाहीतर 'तात्पुरतं' खोडून 'कायम'.

हे सगळं मी काल स्वयंपाकघरात म्हाताऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ चहात चमचा फिरवत बसला. साखर घातलीच नव्हती.

"एकोणीस एप्रिल," तो म्हणाला. "बुधवार. सकाळी. मी ऐकलं होतं."

"काय ऐकलं होतं?"

"ठोकल्याचं. जिन्यातून. मला वाटलं तू कपाट हलवतेयस. बराच वेळ चाललं. मी टीव्हीचा आवाज वाढवला."

मग म्हणाला, "दुपारी बोल्स खेळायला गेलो. तेव्हाच अ‍ॅम्ब्युलन्स येऊन गेली असणार. परत आलो तर सगळं शांत. त्यानंतर डेस दिसलाच नाही."

आणि मग तो असा रडला, हेदर, की मला टिशूचा डबा सापडेना आणि मी त्याला भांडी पुसायचं फडकं दिलं.

लॉर्ना


२५ सप्टेंबर

हेदर,

काल रविवारी म्हाताऱ्याला नेल्सीला घेऊन गेले. पुन्हा टाय. मांडीवर डॅडसाठी मांस भरलेल्या पोर्क-पायचा डबा, गाडीत सगळा वास.

मला भीती होती ती डॅडची नव्हती, याची होती. हा तिथे पाया पडेल, माफी मागेल, आणि डॅडना असलं काही सहन होत नाही, तुला माहीत आहे. ते खिडकीशी खुर्चीत होते. याला बघून म्हणाले, "क्लिफ. वाळलास."

"तू जाडा झालायस."

"इथं कस्टर्ड देतात. रोज." मग, "मी ठोकत होतो रे. ऐकलं नाहीस?"

मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

"ऐकलं," म्हातारा म्हणाला.

"मग आला का नाहीस?"

"टीव्ही बघत होतो."

"काय होतं टीव्हीवर?"

"स्नूकर."

डॅडनी मान हलवली, जणू हे कारण तपासून बघताहेत. "कोण जिंकलं?"

एवढंच. त्यानं सांगितलं कोण जिंकलं, डॅड म्हणाले, "त्याचे फटके नेहमी नशिबानंच लागतात," आणि मग दोघांनी तासभर त्या खेळाडूला शिव्या दिल्या. पोर्क-पाय संपला.

पण एक सांगायचंय, आणि ते वाईट आहे. निघताना डॅड म्हणाले, "काल हेदर आली होती. केस कापलेत तिनं. बरे नाही दिसत." मी म्हटलं, हो का डॅड. काय बोलणार? खुबा जुळेल, पण हे? बैठकीत असलं काही बोलले तर सगळंच संपलं. म्हातारा जोरात खोकला. पोर्क-पायचा तुकडा घशात अडकला म्हणाला.

परत येताना गाडीत त्यानं दोनदा "लॉर्ना, एक गोष्ट" म्हणून सुरुवात केली आणि दोनदा "काही नाही, सिग्नल बघ" म्हणून संपवली. लपवतोय काहीतरी अजून. सही करतो म्हणालाय, नोटिशीनंतर थांबायची दोन महिन्यांची मुदतही माफ करतो म्हणालाय, कामं लगेच सुरू करा. इतका गोड का झाला? काल त्याला मिठी मारली आणि आज पुन्हा त्याच्या खोक्यांच्या डब्यात वाकून बघितलं. संशयाची सवय अशी एका रविवारात जात नाही.

आणखी एक. रात्री झोप लागेना म्हणून हिशेब केला, तासांचा. खोली खाली झाली, बाथरूम झालं, मी माळ्यावर गेले. ठीक. पण सकाळी साडेआठला मी चष्म्याच्या दुकानात कामाला, सहाला परत. मधले साडेनऊ तास डॅड एकटेच. जिन्यात नाही पडणार, बाथरूममध्ये पडतील. मी पाच महिने छपराला खोली बांधत होते आणि माणूस कुठून आणायचा ते कुठल्याच नकाशात नव्हतं. बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारतील. माझ्याकडे उत्तर नाही.

लॉर्ना


३ ऑक्टोबर
हेदर गलिक,
वरची मागची खोली,
४३, टँपटन रोड

हेदर,

पत्ता बरोबर आहे ना? तिकीट लावलेलं नाही. नऊ इंचांना तिकीट लागत नाही.

आज पंचनामा आला. चौतीस पानं. अँथियाबाईनं दोन्ही घरांची केसाएवढी भेगही सोडलेली नाही. पान अकरा वाचून दाखवते:

'क्र. ४३. पहिला मजला, मागील शयनगृह. सामाईक भिंत: कागद जुना, कोपऱ्यात सुटलेला. खिडकीलगत उभी भेग, लांबी ३० सें.मी. खालचा भाग: भिंतीला टेकून मोठी निळी प्रवासी बॅग असल्याने पाहता आला नाही. छायाचित्र ३१ पाहावे.'

मी छायाचित्र ३१ पाहिलं. बॅगेला ऑर्कनीच्या फेरीबोटीची चिठ्ठी आहे. आणि बॅगेपासून, मोजून सांगते, पाच इंचांवर ओटच्या दुधाचं खोकं.

म्हणजे डॅडच्या डोक्याला काही झालेलं नाही. तू खरंच आली होतीस, आणि तुझे केस खरंच बरे दिसत नसणार.

किती दिवस? खोक्यांवरून मोजलं तर महिना. मी महिनाभर तुला ऑर्कनीला पत्रं टाकत होते आणि तू माझ्या उशीपासून हातभर अंतरावर झोपत होतीस. मी कधी उठते, कधी संडासला जाते, सगळं ऐकत होतीस. विचारायचं होतं तर दार होतं! मी म्हाताऱ्याला तुझा हेर समजत होते, हेर तर तू होतीस. आणि मी खोटारडी. वाटणी समान झाली, तुला हवी होती तशी.

मी तुझ्यावर इतकी चिडलेय की पेनाचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलंय. आणि हेही लिहून टाकते, नाहीतर खोडीन आणि तू दिव्यासमोर धरशील: छायाचित्र ३१ बघून पहिल्यांदा मी हसले. मोठ्यानं. ऐकलं असशील.

उद्या साडेदहाला नेल्सीला जातेय. बैठकीआधी तिथल्या बाई मला विचारणार आहेत, दिवसभर घरी कोण असेल. मी काय सांगू?

लॉर्ना


[मिस्टर येओंच्या टीव्ही कार्यक्रमांच्या मासिकाचं फाडलेलं पान, समासात लिहिलेलं]

लॉ,

ऐकलं हसणं. क्लिफला वाटलं तुला फिट आली. तो तुझ्याकडे निघाला होता, एका पायात बूट घालून. या खेपेला त्यानं टीव्ही बंद केला होता.

मी २ सप्टेंबरला आले. तुझी सप्टेंबरची पत्रं ऑर्कनीहून फिरून कालच एकदम इथं आली. एप्रिलपासून रविवारचा फोन लागेना, क्लिफला लिहिलं, त्यानं लिहिलं 'डेस दिसत नाही.' 'प्रत्येक'खालची रेघ त्याची आहे. मी फोनवर सांगितली होती, पण मारली त्यानं. दार का वाजवलं नाही? तू उघडून "झोपलेत" म्हणाली असतीस तर मी तुला धक्का देऊन आत घुसले असते आणि मग आपण कधीच बोललो नसतो. म्हणून.

आणि तुला माहीत नसलेलं एक. रोज संध्याकाळी सहाला तू घरी येतेस, चहा ठेवतेस आणि मोठ्यानं विचारतेस, "डॅड, कडक की साधा?" मी भिंतीला कान लावून अठरा दिवस ऐकलं. मला वाटायचं ते आहेत आत. पलंगाला बांधून ठेवलेत की काय, इथपर्यंत माझं डोकं गेलं. वीस तारखेला क्लिफ परत आला आणि म्हणाला, आत कुणी नाही, ती रिकाम्या खोलीला विचारते. मग मला रात्रभर काही सुचलं नाही.

वेस्टनला गेलीस त्याचा मला राग नाही. फोन खणात ठेवलास त्याचा आहे. तो जाणार नाही इतक्यात. घर विकावं हे माझं मत अजून तेच आहे, आणि तुझा माळा मला मूर्खपणा वाटतो. वर जाऊन झोपलीस तर खालचं तुला कसं ऐकू येणार?

पण डॅड घरी यावेत. तिथे विचारलं की सांग, दिवसा मोठी मुलगी असेल. ऑर्कनीचं घर मे महिन्यापर्यंत भाड्यानं देते. मेनंतरचं मेमध्ये भांडू. क्लिफ म्हणतो दुपारची पाळी त्याची, त्यानं आठवड्याचा तक्ता आखलाय, पट्टीनं.

उद्या सव्वादहाला तुझ्या दारात येते. मला पुढं बसव. क्लिफ मागं बसेल. मागं बसलं की मला अजून मळमळतं.

हेदर